नौपाड्यातील सहा रविवार : अमेरिकी राज्यघटनेच्या मुळांवरील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

नौपाड्यात राम मारुती रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात, अमेरिकी राज्यघटनेमागचा विचार कोठून आला आणि ती प्रत्यक्षात कशी घडली या विषयावरचा सहा रविवारांचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. वेळ सकाळी दहा ते एक, माध्यम मराठी, शुल्क पंधराशे रुपये आणि त्यातच एकशे बारा पानांची पुस्तिका. ऐरोलीच्या एका माध्यमिक शाळेत मी एकोणीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवत आलो आहे. अध्यक्षीय पद्धती, सत्ताविभाजन, नियंत्रण आणि समतोल हे शब्द मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले असतील. पण ते कोणत्या अडचणीतून आणि कोणत्या भीतीतून जन्माला आले असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते, तर दोन वाक्यांपलीकडे मला काही सांगता आले नसते. ही उणीव या वर्गाने बऱ्याच अंशी भरून काढली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. पहिल्या रविवारी त्यांनी सुरुवात ठाण्यापासून केली. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या, आणि जेमतेम वर्षभराने, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, त्याच कंपनीच्या फौजेने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून मिळवलेला हा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. आम्ही बसलो होतो तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. मराठे आणि कंपनी यांच्यातला पुरंदरचा तह मार्च १७७६ मधला आणि अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच वर्षीच्या जुलैमधला. १७८२ साली सालबाईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, कंपनीकडे कायमची गेली, आणि १७८३ साली पॅरिसच्या तहाने ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. या तारखा मला सुट्या सुट्या ठाऊक होत्या, पण त्या एका रांगेत मी कधीच मांडल्या नव्हत्या.

या मांडणीतून बाई 'सनद' या शब्दाकडे वळल्या, आणि मला वाटते, साऱ्या वर्गाचे सार तेथेच होते. एलिझाबेथ राणीने १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, तशीच पहिल्या चार्ल्सने १६२९ साली मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला दिली. दोन्ही व्यापारी कंपन्याच. पण दुसऱ्या कंपनीच्या संस्थापकांनी १६३० साली समुद्र ओलांडताना सनदेचा मूळ कागदच आपल्याबरोबर नेला. त्यामुळे लंडनमध्ये भरायची ती भागधारकांची सभा वसाहतीतच भरू लागली, आणि हळूहळू तीच त्या वसाहतीची विधानसभा बनली. आपल्याकडे आलेल्या कंपनीचे मालक लंडनलाच राहिले आणि ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांचा सनदेशी काही संबंध उरला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र सत्तेला एका लेखी कागदाने दिलेला अधिकार आणि त्याच कागदाने घातलेली हद्द या दोन्ही गोष्टी लोकांच्या अंगवळणी पडल्या. इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध कायदा करायचा नाही, असे बंधन त्या सनदेतच होते. कनेक्टिकटने तर स्वातंत्र्यानंतरही १६६२ ची राजसनद, राजाचा उल्लेख बाजूला सारून, १८१८ पर्यंत आपली घटना म्हणून वापरली. घटना ही शासनाच्या वरची, लिहिलेली आणि वाचून दाखवता येणारी वस्तू असते, ही समजूत तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ उघडण्याच्या आधीच या वसाहतींत दीडशे वर्षे मुरलेली होती. हा मुद्दा मी आजवर एकाही मराठी पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

दुसरा रविवार इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांचा. येथे शिकवण्याची पद्धत सांगायला हवी. बाई उताऱ्याचे मराठी भाषांतर पुस्तिकेतून एकेक वाक्य वाचायला लावतात आणि प्रत्येक वाक्याशी थांबून हे कोणाविरुद्ध लिहिले आहे असे विचारतात. या सवयीमुळे लॉक एकदम जवळचा वाटू लागतो. शासन ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, आणि ठेव सांभाळणाऱ्याने विश्वासघात केला तर ती परत घेण्याचा हक्क लोकांकडे उरतो, हे म्हणणे १६८८ च्या इंग्लंडमधील सत्तांतराच्या पार्श्वभूमीवर प्रसिद्ध झाले आणि १७७६ च्या जाहीरनाम्यात जवळजवळ त्याच क्रमाने उतरले. मात्र लॉकच्या सत्ताविभागणीत कायदे करणारी, ते राबवणारी आणि परराष्ट्रव्यवहार पाहणारी अशा तीन सत्ता आहेत. न्यायसत्तेला त्यात वेगळे घर नाही. ते घर १७४८ साली माँतेस्क्यूने दिले. इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेकडे पाहून त्याने हे लिहिले खरे, पण त्या वेळी इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळ आणि संसद एकमेकांत गुंतत चालले होते. म्हणजे त्याने जे वर्णन केले ते इंग्लंडपेक्षा नंतरच्या अमेरिकेलाच अधिक लागू पडले. हे ऐकल्यावर मी वहीत वर्षानुवर्षे लिहून दिलेल्या 'माँतेस्क्यूने सत्ताविभाजनाचा सिद्धान्त मांडला' या एका ओळीची मला खंत वाटली. ती ओळ खोटी नाही, पण ती पाठ केल्याने विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तिसऱ्या रविवारी मॅसॅच्युसेट्सच्या गावसभा आल्या. कॉनकॉर्ड या गावाने ऑक्टोबर १७७६ मध्ये ठराव केला की घटना करण्याचे काम विधिमंडळाने करू नये, कारण जे मंडळ घटना करील तेच ती बदलूही शकेल, आणि मग नागरिकांच्या हक्कांना त्या मंडळापासूनच संरक्षण उरणार नाही. १७७८ साली विधिमंडळाने तयार केलेला मसुदा गावांनी फेटाळला. त्यानंतर केवळ याच कामासाठी निवडलेल्या स्वतंत्र परिषदेने केलेला, मुख्यतः जॉन ॲडम्सच्या हातचा मसुदा १७८० साली गावसभांपुढे जाऊन मंजूर झाला. बाईंनी कॉनकॉर्डचा ठराव आम्हाला दोनदा वाचायला लावला. शेतकरी, लोहार, दुकानदार अशा माणसांनी गावच्या बैठकीत मांडलेला हा विचार इतका नेमका आहे की त्यापुढे पुष्कळ ग्रंथ फिके पडावेत. 'आम्ही लोक' हे शब्द १७८७ च्या उद्देशिकेत आले तेव्हा त्यांच्यामागे हा प्रत्यक्ष व्यवहार उभा होता.

त्याच दिवशी उरलेल्या वेळात राज्यसंघाची अनुच्छेदपत्रे, म्हणजे तेरा राज्यांना सैलपणे जोडणारी आधीची व्यवस्था, झाली. १७८१ पासून अमलात आलेल्या त्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या केंद्रीय प्रतिनिधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि कोणत्याही दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. आयातीवर पाच टक्के जकात बसवण्याची सूचना १७८२ साली एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळली. पुढे १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली, तेव्हा केंद्राकडे ना पैसा होता ना फौज. हा भाग चटकन उरकला, आणि तो तसा उरकण्याजोगाच होता.

चौथ्या रविवारचा एक प्रयोग मात्र मनात घर करून राहिला आहे. नवी घटना तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत मोठी आणि लहान राज्ये यांच्यात पडलेला पेच समजावण्यासाठी बाईंनी आम्हाला एका काल्पनिक गृहनिर्माण सोसायटीचे सभासद केले. निम्म्यांना तीन खोल्यांची सदनिका, निम्म्यांना एका खोलीची. ठरवायचे एवढेच, की मत दरडोई एक असावे की चौरस फुटांच्या प्रमाणात. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला या वादासाठी तयारी करावी लागत नाही. दहा मिनिटांत आवाज चढले. मोठ्या सदनिकेवाले म्हणत, जास्त पैसे आम्ही भरतो. लहान सदनिकेवाले म्हणत, मग आम्ही सभासद कशाला झालो? मग बाईंनी पुस्तिकेतील दोन पाने समोरासमोर उघडायला सांगितली. एकीकडे २९ मे १७८७ रोजी एडमंड रँडॉल्फने मांडलेली व्हर्जिनिया योजना होती, म्हणजे दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. दुसरीकडे १५ जूनची विल्यम पॅटरसनची न्यू जर्सी योजना होती, म्हणजे पूर्वीप्रमाणेच प्रत्येक राज्याला एक मत. १६ जुलैला कनेक्टिकटच्या प्रतिनिधींची तडजोड, एका सभागृहात लोकसंख्या आणि दुसऱ्यात राज्यांची समानता, पाच राज्ये विरुद्ध चार अशा एका मताने तरली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे निम्मे विभागले गेले होते. सिनेटची, म्हणजे राज्यांना समान जागा देणाऱ्या त्या सभागृहाची, रचना एखाद्या तत्त्वज्ञाच्या आराखड्यातून उतरली असावी असा माझा समज होता. ती फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यात, दारेखिडक्या बंद करून चाललेल्या गुप्त बैठकांत, परिषद मोडेल या भीतीने झालेल्या देवघेवीतून आली, हे त्या भांडणानंतर मला खऱ्या अर्थाने समजले.

पाचवा रविवार फेडरलिस्ट लेखमालेचा. घटनेला न्यूयॉर्क राज्याची मान्यता मिळावी म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ऑक्टोबर १७८७ पासून 'पब्लियस' या टोपणनावाने लिहिलेले हे ८५ लेख. त्यांपैकी दहावा आणि एकावन्नावा आम्ही वाचला. दहाव्या लेखाच्या मुळाशी असलेल्या 'फॅक्शन' या शब्दाला पुस्तिकेत 'पक्ष' असा प्रतिशब्द दिला होता. शेजारी बसलेले एक निवृत्त शिरस्तेदार उठून म्हणाले, ‘बाई, पक्ष म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर झेंडा आणि निवडणूक चिन्ह येते. येथे तसे काही दिसत नाही.’

‘मग काका, तुम्ही कोणता शब्द घ्याल?’

‘तट. आमच्या गावात ग्रामपंचायतीत तट पडतात. पाणी कोणत्या आळीला आधी सोडायचे यावरूनसुद्धा पडतात.’

बाईंनी तेथल्या तेथे सगळ्यांना पुस्तिकेत दुरुस्ती करायला लावली, आणि त्या एका शब्दाने लेख उघडला. बहुसंख्य असोत वा अल्पसंख्य, इतरांच्या हक्कांना किंवा सर्वांच्या हिताला बाधक अशा एखाद्या भावनेने वा स्वार्थाने एकत्र आलेली माणसे म्हणजे तट, अशी मॅडिसनची व्याख्या आहे. स्वातंत्र्य आहे तोवर तट पडणारच, तेव्हा त्यांची कारणे उपटण्यापेक्षा त्यांचे परिणाम आवरावेत, असे तो म्हणतो. प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकते, हे माँतेस्क्यूचे मत घटनेचे विरोधक पुढे करत होते. मॅडिसनने ते उलटवले. प्रदेश जितका मोठा तितके तट अधिक, आणि तट अधिक असले की एकाच तटाला बहुमत जमवून दुसऱ्यांना चिरडणे कठीण. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने मोठ्या प्रजासत्ताकाविषयी मांडलेला विचार येथे कामी आला असे बाईंनी दाखवून दिले. एकावन्नाव्या लेखात तोच विचार शासनाच्या आत शिरतो : माणसे देवदूत असती तर शासनाची गरजच पडली नसती, म्हणून महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच अडवावे. नियंत्रण आणि समतोल या दोन शब्दांमागे माणसाच्या स्वभावाविषयीचा इतका कठोर आणि तरीही आशा न सोडणारा अंदाज आहे, हे मी आता वर्गात नक्की सांगेन.

याच ठिकाणी मला या वर्गाविषयीची सर्वांत मोठी तक्रार नोंदवायची आहे. गुलामगिरीचा विषय पंधरा मिनिटांत संपवला गेला. लोकसभेसारख्या प्रतिनिधिगृहातील जागा मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरावी, गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालता येऊ नये, पळून गेलेला माणूस मालकाला परत द्यावा, ही कलमे त्याच परिषदेत, त्याच देवघेवीत ठरली. आणि 'गुलाम' हा शब्द मूळ घटनेत कोठेही येणार नाही याची काळजी घेतली गेली. सोसायटीच्या खेळाला सव्वा तास मिळतो आणि ज्यांना त्या सोसायटीत सभासद तर नव्हेच, पण माणूस म्हणूनही पुरते मोजले नाही त्यांना पाव तास मिळतो, हे मला खुपले. महाराष्ट्रात हा विषय शिकवताना तर ते अधिकच खुपते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांची दास्यातून सुटका करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी पुण्यात बसून एक माणूस त्या घटनेतील पापाचे आणि त्याच्या परिमार्जनाचे मोल आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांना सांगत होता. या अर्पणपत्रिकेचा सहा रविवारांत एकदाही उल्लेख झाला नाही. मी तो प्रश्नोत्तरांत केला, बाईंनी मनापासून दाद दिली, परंतु वेळ संपली होती.

घटनेला विरोध करणाऱ्यांनाही न्याय मिळाला नाही. परिषदेत आलेल्या ५५ प्रतिनिधींपैकी ३९ जणांनीच १७ सप्टेंबर १७८७ रोजी सह्या केल्या, आणि शेवटपर्यंत थांबूनही सही नाकारणाऱ्या तिघांत जॉर्ज मेसन होता. जून १७७६ मधील व्हर्जिनियाचा हक्कनामा मुख्यतः त्याच्याच लेखणीतला. नव्या घटनेत हक्कांची यादी नाही, हा त्याचा आक्षेप. मॅसॅच्युसेट्समध्ये घटना १८७ विरुद्ध १६८ अशी निसटती मंजूर झाली ती पुढे दुरुस्त्या होतील या भरवशावर, आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. आज अमेरिकी घटना म्हटले की सामान्य माणसाला आठवते ते भाषणस्वातंत्र्य या विरोधकांच्या आग्रहाने आलेले आहे. त्यांचे एक तरी पत्रक पुस्तिकेत हवे होते.

पुस्तिकेविषयी आणखी थोडे. छपाई स्वच्छ, अक्षर मोठे, समासात टिपणासाठी जागा, हे सगळे उत्तम. मात्र संज्ञांची गफलत अनेक ठिकाणी आहे. 'राज्यसंघ' (स्वायत्त राज्यांची सैल जोडणी) आणि 'संघराज्य' (स्वतःचे अधिकार असलेले केंद्र आणि राज्ये) हे शब्द तर किमान चार पानांवर एकमेकांच्या जागी पडले आहेत, आणि १७८१ ते १७८७ या काळाचा सारा वाद या दोन शब्दांतील फरकावरच उभा असल्याने ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. आयोजकांचे वेळेचे भानही सुधारायला हवे. तिसरा वर्ग एका रविवारी पुढे ढकलल्याचा निरोप आदल्या रात्री साडेदहाला आला, आणि दुसऱ्या एका रविवारी मेगाब्लॉक असताना वर्ग बरोबर दहालाच सुरू केला, त्यामुळे डोंबिवली-कल्याणहून येणारे सात-आठ जण लॉकचा अर्धा उतारा हुकल्यावर पोहोचले. ट्रान्स-हार्बरवरून येणारा मी त्या दिवशी वाचलो इतकेच.

शेवटच्या रविवारी बाईंनी एका वाक्प्रयोगाचा माग काढला, आणि सहा बैठकींत याहून सुंदर काही झाले नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लिश हक्कपत्रातील एकोणचाळिसाव्या कलमात देशाच्या कायद्याखेरीज कोणा स्वतंत्र माणसाला पकडू नये असे आहे. १३५४ च्या इंग्लिश कायद्यात त्याचे 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ', म्हणजे कायद्याची रीतसर प्रक्रिया, झाले, आणि १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीत तेच शब्द अमेरिकेने घेतले. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले, आणि त्यानंतर आपल्या अनुच्छेद २१ मध्ये त्याऐवजी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आले. १९५० च्या गोपालन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अरुंद अर्थ, कायद्यात लिहिलेली पद्धत पाळली की पुरे असा, लावला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे असे म्हणून दार पुन्हा उघडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी आपल्या आणि अमेरिकेच्या व्यवस्थेतील साम्यभेद किती बारकाईने सांगितले होते, हेही त्या भाषणाचा उतारा वाचून दाखवल्यामुळे ताजे झाले. आपल्याकडे राष्ट्रपती हे पदनाम अमेरिकेसारखे असले तरी त्यांचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, आणि राज्ये अनेक असली तरी नागरिकत्व एकच आहे, हे दोन मुद्दे मी दहावीच्या वर्गात त्या भाषणाच्या आधारेच शिकवणार आहे.

पंधराशे रुपयांत अठरा तासांचे असे शिक्षण मराठीत मिळणे दुर्मीळ आहे, आणि शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे या सर्वांना मी हा वर्ग निःशंकपणे सुचवीन. परीक्षेसाठी मुद्देसूद टिपणे मिळतील या अपेक्षेने मात्र कोणी जाऊ नये. तेथे वाचावे लागते, मोठ्याने वाचावे लागते, आणि वाक्याशी थांबावे लागते. सभागृहाला उद्वाहन नाही आणि जिना अरुंद आहे, याची ज्येष्ठांनी नोंद घ्यावी. पुढच्या वर्गात गुलामगिरी आणि घटनेचे विरोधक यांच्यासाठी सातवा रविवार जोडावा असे मी आयोजकांना लेखी कळवले असून, संज्ञा पेन्सिलीने दुरुस्त केलेली माझी पुस्तिका त्यांच्याकडे ठेवून आलो आहे. नव्याने नाव नोंदवणाऱ्यांनी ती मागून घ्यावी आणि राज्यसंघाचे प्रकरण तिच्यावरूनच वाचावे.